वरचा रुपया

सोमवार, दुपार. रजा टाकली आहे.

पिंढऱ्या दगड झाल्यात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, पण हे होणारच होतं. लिहून ठेवायचंय ते पैशांबद्दल.

पौष लागताना संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरलं की माघी पौर्णिमेच्या रात्री कळसूबाई चढायची आणि त्यानिमित्ताने प्रत्येकाने आपापल्या ओळखीत पैसे गोळा करायचे. पैसे पेठ तालुक्यातल्या एका पाड्याच्या पाण्यासाठी. तिथे विहीर आहे, पण वस्तीच्या बरीच खाली, ओहोळाच्या काठाला. ती खोल करायची, सोलर पंप बसवायचा आणि वर वस्तीत टाकी बांधायची. नाशकातल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही. पेठ-सुरगाण्याचा पाऊस सगळ्यांनी पाहिलेला असतो. ‘तिकडे कसली पाणीटंचाई?’ हा पहिला प्रश्न. पाऊस धो धो पडतो हे खरंच, पण खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि सगळा उतार. नार, पार, दमणगंगा पश्चिमेला वळतात आणि गुजरातेतून समुद्राला मिळतात. शिमग्यापर्यंत ओहोळ कोरडे, पुढे टँकरची वाट.

हे सगळं मी पहिले काही दिवस लोकांना नीट समजावून सांगितलं. संस्थेतल्या पोराने पोस्टरही छान केलं होतं. लोकांनी मोबाईलवर अंगठे आणि जोडलेले हात पाठवले, ‘ग्रेट काम’ लिहिलं. पैसे मात्र चिमूटभर आले. गणपतीची वर्गणी दारात उभं राहून मागताना मला कधी काही वाटलं नाही, पण हे मागताना जीभ जड व्हायची. मीच चढणार, मीच फोटो टाकणार आणि पैसे यांनी द्यायचे, असा हिशेब समोरच्याच्या डोळ्यांत दिसतोय असं उगाच वाटायचं.

मग एक दिवस तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवलं. “तू म्हणे कळसूबाईला जाणार? रात्रीची? पायी?” हो म्हटलं. आत गेल्या आणि पाचशे एक रुपये घेऊन आल्या, सोबत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली कुंकवाची पुडी. “माझे गुडघे आता त्या शिड्या चढायचे नाहीत. आईला माझ्या नावाने वाहा.” मी म्हटलं, काकू, पैसे पाण्याच्या टाकीचे आहेत, देवळाचे नाहीत. “कळलं गं, पोस्टर वाचलंय मी. पैसे टाकीला, कुंकू आईला.”

तिथून गाडी सुटलीच. बातमी कशी पसरली कोण जाणे. बहुतेक काकूंच्या भिशीतून. एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. मोबाईलवर पाठवणाऱ्यांनीही वरचा रुपया सोडला नाही. दूधवाल्याने एकशे एक दिले आणि घरच्या झाडाचा नारळ दिला. इगतपुरीच्या नणंदेने खण पाठवला. हे दान नव्हतं, असं म्हणणारे संस्थेच्या पुढच्या मीटिंगमध्ये दोघंतिघं निघाले. ‘लोकांना प्रश्न कळला पाहिजे, नवस नको.’ मला नाही पटलं. वारीला निघालेल्याला वाटेत कुणी चहा पाजतं, कुणी पाय चेपून देतं, ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याच्या हाती काही तरी देतो. चालणाऱ्यावर आपला माणूस विश्वास टाकतो. पोस्टरवर तो कशाला टाकेल?

(त्याच मीटिंगमध्ये टी-शर्टांवरून तासभर भांडण झालं. शेवटी टी-शर्ट, गाडी, जेवण आणि वाटाड्या, सगळं ज्याचं त्याने भरायचं, वर्गणीतला पैसा प्रवासाला लागायचा नाही असं ठरलं. तासाचं भांडण वसूल झालं.)

काल रात्री घोटीला हायवे सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि बारीला पोचलो. गावात पिठलं आणि नागलीची भाकरी खाऊन चालायला लागलो. चांदणं इतकं होतं की शेतातून जाताना बॅटऱ्या बंदच ठेवल्या. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, पण वाट आडमुठी नाही; दमवणारी आहे. पायऱ्या संपतात म्हणेपर्यंत पुन्हा पायऱ्या. पुढे एक टोळकं स्पीकरवर गाणी लावून चढत होतं. आमच्या वाटाड्या दादांनी त्यांना एवढंच विचारलं, “पोरांनो, आईला झोपू देणार का नाही?” गाणी बंद झाली.

खालच्या देवळापाशी टेकलो तेव्हा दादांनी कळसूची गोष्ट सांगितली. पाटलाच्या घरी ती कामाला राहिली ती अट घालून: बाकी काहीही सांगा, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तेच करायला लावलं. तिने केलं, आणि काम सोडून जी डोंगरावर निघून गेली ती परत आलीच नाही. अट मोडली म्हणून घर सोडणारी देवी मला तरी दुसरी ठाऊक नाही. चढताना बराच वेळ डोक्यात तीच होती.

शिड्यांचं मला भय होतं. दिवसा खाली काय आहे ते दिसतं. रात्री फक्त पुढच्याचे बूट दिसतात, त्यामुळे उलट सोपं गेलं. लोखंड मात्र असं गार की हातमोज्यातूनही तळवे बधिर व्हायचे. एका शिडीच्या मध्यावर वर गर्दी अडली आणि आम्ही जिथल्या तिथे लटकलो. वारा कानाला लागत होता, सॅकमधला दूधवाल्याचा नारळ प्रत्येक हालचालीला पाठीत ढुशी देत होता, आणि मागची कॉलेजची मुलगी शांतपणे विचारत होती, “ताई, तुमच्या जर्किनच्या खिशातून लाल काय गळतंय?” एक पुडी फुटली होती. उरलेल्या पुड्या मी वर पोचेपर्यंत मुठीत धरल्या, म्हणजे एका हाताने शिड्या चढले. तसं करू नये.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. आम्ही पाणी काढलं, प्यायलो. इतक्या उंचावर माघात पाणी आणि पाड्यावर दोन महिन्यांनी ठणठणाट. दादांना विचारलं तर म्हणाले, कातळाला भेग असली तर पाणी, नाही तर नाही. भूजलाच्या व्याख्यानात तासभर ऐकलेलं त्यांनी एका वाक्यात उरकलं.

वर देऊळ एवढंसं, आत तीन-चार माणसं मावतील. उजाडायच्या आत माझा नंबर लागला. मोबाईलमधली यादी उघडून मी एकेक नाव घेत कुंकू वाहायला लागले. मागच्या बाईंनी दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “थोडी राहिलीत.” त्या म्हणाल्या, “असू दे, पण माझ्या जावेचं पण घ्या ना मग.” घेतलं. त्यांनी एकशे एक रुपये माझ्या हातात ठेवले. पाण्याच्या टाकीचं सगळं सांगितलं, तेव्हा आणखी शंभर काढले.

बाहेर आले तर चंद्र अलंग-मदन-कुलंगच्या किल्ल्यांपलीकडे उतरत होता आणि दुसऱ्या बाजूला तांबडं फुटत होतं. खाली भंडारदऱ्याचं पाणी. सगळे फोटो काढत होते, मीही काढले. उतरताना गुडघ्यांनी सगळा सूड उगवला, त्याबद्दल काही लिहीत नाही.

आत्ता जेवून हिशेब मांडला. पंपाचे पैसे जमलेत, टाकीला थोडे कमी पडतात. तेवढ्यात काकू प्रसाद घ्यायला आल्या. पुडी फुटलेली त्यांचीच होती, ते सांगितलं. त्यांनी माझ्या जर्किनचा लाल खिसा पाहिला आणि हसल्या. “वाटेतच वाहिलंस की. चालतंय.” मग विचारलं, टाकीचं काम कधी? पाडव्यानंतर, म्हटलं.

“मग नारळ फोडायला लागेलच. तो माझ्याकडून. आणि पाणी आलं की मला घेऊन चल, तिथे शिड्या नसतील ना?”

वहीत येणे बाजूला लिहून ठेवलंय: काकू, नारळ एक. गाडीत जागा एक.