कोलकात्यात रक्ताच्या काचा वाचायला शिकताना

नीट-पीजीनंतर एम.डी.साठी मी ट्रॉपिकल मेडिसिन ही उष्ण प्रदेशातल्या रोगांची शाखा घेतली, तेव्हा चंद्रपूरच्या घरी पहिला प्रश्न आला, की याचा दवाखाना कसा थाटणार? उत्तर माझ्याकडे नव्हते. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना मलेरियाचे निदान मी किटवरच्या रेघांवरून करत असे आणि रक्ताची काच (स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम तंत्रज्ञावर सोपवत असे, ही गोष्ट मनाला टोचत होती.

कोलकात्याच्या ज्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये मी दाखल झालो, तिची कोनशिला १९१४ साली बसली. रोनाल्ड रॉसने पक्ष्यांच्या मलेरियाचा डासांतून होणारा प्रवास १८९८ मध्ये उलगडला तोही याच शहरात. हा इतिहास पहिल्या आठवड्यात कळतो; सूक्ष्मदर्शक हाताशी यायला मात्र महिने जातात. जाड थेंब आणि पातळ पसर एकाच काचेवर घेऊन मी अख्खी काच मिथेनॉलमध्ये बुडवली, हा माझा पहिला पराक्रम. पातळ पसर मिथेनॉलने पक्का करावाच लागतो, पण जाड थेंब तसाच ठेवायचा असतो, कारण पाण्याने लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन धुऊन गेले तरच त्या जाडीतले परजीवी दिसतात. माझ्या काचेवर दिसला तो नुसता निळसर चिखल. परजीवी रंगवणाऱ्या गिम्सा रंगाचे पाणी ७.२ सामूचे (पीएच) का हवे, हेही पाठांतराने कळले नाही. पाणी आम्लधर्मी झाले आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या परजीवीने ग्रासलेल्या पेशींतले ठिपके उमटलेच नाहीत, तेव्हा कळले. पुढे कितीतरी दिवस मी प्लेटलेट्सनाच परजीवी समजत होतो. जाड थेंबाची शंभर क्षेत्रे पाहिल्याखेरीज काच निगेटिव्ह म्हणायची नाही, हा आमच्या सरांचा दंडक होता, आणि मान आखडली तरी त्यातून सुटका नसे.

वॉर्डातली अडचण निराळी. रुग्ण 'जॉर' म्हणाला की तो तापाबद्दल बोलतो आहे, हे माझ्या मराठी कानाला सरावायला वेळ लागला. काळा आजार (काला-आजार) मी तोवर पुस्तकातच पाहिला होता. एकदा उपचार होऊन गेलेला एक रुग्ण पुन्हा ताप आणि वाढलेली प्लीहा घेऊन आला. काळ्या आजाराची आरके-३९ ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह येताच मी निदान लिहून मोकळा झालो; पण बरे झाल्यावरही ती दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून अस्थिमज्जा काढावी लागली. तिच्या काचेवर केंद्रक आणि त्याशेजारची बारीक काडी, अशी एल.डी. बॉडीची, म्हणजे काळ्या आजाराच्या परजीवीची, दुहेरी खूण सापडायला मला पाऊण तास लागला. आमच्या विदर्भातल्या हत्तीरोगाचे रक्त रात्री दहानंतर का घ्यायचे, हे मला माहीत होते: त्याचे सूक्ष्मकृमी रात्रीच रक्तात उतरतात. तसा सूक्ष्मकृमी काचेवर जिवंत वळवळताना मात्र मी इथेच पाहिला.

अंतिम प्रात्यक्षिकात मलेरियाची काच आली. व्हायव्हॅक्स लगेच ओळखता आला आणि मी लिहायला घेतले. मग सवयीनेच पुढची क्षेत्रे पाहत गेलो, तर फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीचा केळ्याच्या आकाराचा गॅमेटोसाइट (जननपेशी) दिसला. मिश्र संसर्ग! परीक्षकांनी उपचार विचारले. आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध आणि चौदा दिवस प्रायमाक्वीन, असे मी सांगितले. "त्याआधी काय?" त्यांनी विचारले. जी-६-पीडी या विकराची तपासणी, कारण ते कमी असेल तर प्रायमाक्वीनने लाल पेशी फुटतात, मी म्हणालो, आणि त्यांनी पुढची काच सरकवली.