लेवीय १९ आणि टेरीकॉटचे युनिफॉर्म

फतेगंजला आमचं मराठी बायबल वाचन दर गुरुवारी संध्याकाळी असतं. सात-आठ घरं, बहुतेकांचे आजी-आजोबा नगरकडून बडोद्याला आलेले. गेल्या गुरुवारी लेवीय, म्हणजे जुन्या करारातलं, येशूच्या आधीच्या काळातलं, नियमांचं पुस्तक निघालं आणि शेजारचा मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरळ म्हणाला, "काकू, हे बकरे, रक्त, महारोग, भिंतीवरचे चट्टे... हे कशाला वाचायचं? आपण नव्या करारातले ना?"

मनापासून विचारलं होतं त्याने. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक यापुढे गेला. त्याने जुना करार अख्खा बाजूला काढला. रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. पण मार्सियन सांगून त्या मुलाचं समाधान झालं नसतं. म्हणून मी माझ्या दुकानातलं सांगितलं.

दांडिया बाजारात मी शाळांचे युनिफॉर्म शिवते. सगळा माल टेरीकॉट, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टर एकत्र. आणि लेवीय १९:१९ सांगतं, दोन प्रकारच्या सुतांचं कापड अंगावर घालू नको. जुन्या करारातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, २२:११ मध्ये, तेच नेमकं करून दिलंय: लोकर आणि ताग. याजकांच्या, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांच्या, वस्त्रांत ही दोन्ही सुतं एकत्र असत, म्हणून बाकीच्यांना ती वर्ज्य होती, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. इस्राएलला वेगळं राखणाऱ्या त्या खुणा होत्या. पुढे यरुशलेमच्या सभेत, प्रेषितांची कृत्ये १५, प्रेषितांनीच ठरवलं की परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहुदी नसलेल्यांतून, आलेल्या विश्वासणाऱ्यांवर अशा नियमांचं ओझं घालायचं नाही. त्यामुळे टेरीकॉटवर कात्री चालवताना माझं मन मला खात नाही.

पण त्याच अध्यायात सहाच वचनं वर, तेराव्यात, लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको.

दोन वर्षांपूर्वीचा जून. एका शाळेचं पेमेंट अडकलेलं. काज-बटणाला एक बाई येतात, नगावर काम. शनिवारी सहाला त्या हिशोबाची वही घेऊन कटिंगच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "सोमवारी देते, मावशी." त्या काही बोलल्या नाहीत. बाहीला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून काढत राहिल्या, सगळे मुठीत गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि गेल्या. गल्ल्यात तेव्हा चार हजार रुपये होते. ते मी कापडवाल्यासाठी ठेवले होते. सोमवारी कळलं, त्यांच्या घरी शनिवारीच गॅस संपला होता.

हे वचन मी लहानपणापासून कितीदा तरी वाचलं असेल. त्या सोमवारी ते मला पहिल्यांदा लागू झालं. तेव्हापासून दुकानात शनिवारचा पगार बंद आहे. रोज साडेसहाला नग मोजायचे आणि पैसे हातात द्यायचे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातही, ५:४, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं म्हटलंय. याकोबाने तो धागा उचलला तो जुन्या करारातूनच.

आणि या दोन वचनांच्या मध्ये, अठराव्यात, काय आहे? "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर." येशूला मोठी आज्ञा कोणती असं विचारलं, तेव्हा दुसरी आज्ञा त्याने इथूनच सांगितली. हे पान फाडलं तर तीही जाते.

विसाव्या वचनापाशी मात्र मी दरवेळी अडखळते. दुसऱ्याची दासी असलेल्या स्त्रीबद्दल आहे ते, आणि वाचताना मला त्रास होतो. आज कुणी त्याचा दाखला देऊन बाईला कमी लेखलं तर मी भर सभेत उठून बोलेन. तरी ते पुसावं असं वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून निघालं. केडगावला निराधार बायकांमध्ये राहून त्यांनी हे वचन लिहिलं असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मग कुठलं पाळायचं ते ठरवायचं कोणी?" पाळकसाहेबांनी मत्तय ५:१७ मधलं येशूचं वचन काढलं, नियमशास्त्र रद्द करायला नाही, पूर्ण करायला आलो. त्यावर रात्री साडेनऊपर्यंत बोलणं चाललं, चहा दोनदा झाला. पुढच्या गुरुवारी पंचविसावा अध्याय आहे, योबेल वर्षाचा, पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ मालकाला परत करण्याचा. तो वाचायचं त्याने स्वतःहून घेतलंय.