व्याज किती, असं तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार माझे जुने क्लायंट आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मध्ये ऑफिसात जीएसटीच्या कागदांवर सह्या करता करता त्यांनी विचारलं, “मॅडम, त्या केमिस्ट्रीच्या सरांना दोन कोटी मिळाले म्हणे. व्याज किती? आणि फेडायचे कधी?”

हाच प्रश्न सरांच्या सासऱ्यांनी विचारला, त्यांच्या विभागातल्या दोघांनी विचारला, माझ्या भावानंही विचारला. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. सरांची परवानगी घेतली आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

ते कर्ज नाही. सरांच्या संशोधनावर काढलेल्या कंपनीत एका व्हेंचर फंडानं, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडानं, केलेली ती गुंतवणूक आहे. व्याज नाही. हप्ता नाही. कंपनी बुडाली तर पैसे गुंतवणूकदाराचे बुडाले. लबाडी केली नसेल तर सरांच्या घराला कुणी हात लावत नाही. अण्णांनी लूम घेताना राहतं घर तारण ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना हे ऐकून बराच वेळ पटेना. “मग त्यांना काय मिळतं?”

कंपनीचा हिस्सा. मी वहीत आकडे मांडले. सर आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी या दोघांची कंपनी, सरांचे ६० टक्के, तिचे ४०. पैसे यायच्या आधी कंपनीची किंमत ठरली ६ कोटी. त्यात २ कोटी आले की झाली ८ कोटी. गुंतवणूकदाराचा हिस्सा २५ टक्के, सरांचे राहिले ४५, तिचे ३०. इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं कलम मात्र वाचायचं राहून जातं. हे शेअर बहुतेक वेळा प्रेफरन्स शेअर असतात, म्हणजे कंपनी विकली तर आधी त्यांचे २ कोटी बाजूला काढायचे. समजा कंपनी ३ कोटींनाच विकली गेली. गुंतवणूकदार २ कोटी घेऊन जाईल, उरलेल्या एका कोटीत सरांना ६० लाख, तिला ४०. कागदावर ज्यांचा हिस्सा ७५ टक्के, त्यांच्या हाती एकतृतीयांश. यात फसवणूक काही नाही, जोखीम त्यांनी घेतलेली असते. पण सही करण्याआधी हे गणित प्रत्येक प्राध्यापकानं स्वतःच्या हातानं करावं, असा माझा आग्रह असतो.

आणि फेडायची तारीख नसली तरी घड्याळ असतंच. हे फंड साधारण ८ ते १० वर्षांचे असतात. तेवढ्यात त्यांना हिस्से विकून, ज्यांनी फंडात पैसे ठेवले त्या लोकांना ते परत द्यायचे असतात. दहा कंपन्यांत पैसे घातले तर बऱ्याचशा जेमतेम चालतील किंवा बंद पडतील, एखाददुसरी सगळं भरून काढेल, या हिशोबावर तो धंदा उभा आहे. म्हणून वर्षाला दोन कोटींची स्वच्छ, नफ्यातली उलाढाल त्यांच्या उपयोगाची नसते. आपल्या विद्यापीठांत होणारं बरंचसं चांगलं संशोधन नेमकं त्याच मापाचं आहे: पाण्यावरचं, मातीवरचं, डाळिंबाच्या तेल्या रोगावरचं. त्यातून सुंदर धंदे उभे राहू शकतात. त्यांनी बँक, अनुदान आणि गिऱ्हाईक यांच्या जोरावर वाढावं. व्हेंचरचा पैसा मिळाला नाही म्हणून संशोधन कमी दर्जाचं ठरत नाही. दोन प्राध्यापकांना मी हे तोंडावर सांगितलं आहे आणि दोघंही माझ्यावर रागावले होते.

सरांचं काम काय, तेही सांगते. टॉवेलचं सूत रंगवताना सगळा रंग सुताला बसत नाही, उरलेला धुण्याच्या पाण्यात जातो. त्यांनी उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यापासून, एक कोळसा तयार केला आहे, तो हा रंग ओढून घेतो. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर लोणच्याची एक बरणी ठेवली. आत गडद निळं पाणी. चमचाभर काळी पूड टाकली, झाकण लावून हलवली. माझा चहा संपेपर्यंत पूड तळाशी बसली होती आणि बरणीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

पण बरणीत होतं शुद्ध पाणी आणि एकच रंग. डाय हाउसच्या, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्याच्या, पाण्यात मीठ असतं, सोडा असतो, साबण असतो, खळ असते. खऱ्या पाण्यावर पहिला खांब, म्हणजे हा कोळसा भरलेली उभी नळी, चालवला तेव्हा तो नवव्या दिवशी तुंबला. इथून पुढची दोन वर्षं कुणाच्या पैशानं काढायची, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. शोधनिबंध छापून झालेला असतो, म्हणून संशोधनाचं अनुदान संपतं; विकायला काही नसतं, म्हणून बँक उभं करत नाही. याच मधल्या पट्ट्यासाठी सरकारनं काही सोयी केल्या आहेत. जैवतंत्रज्ञानात बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ योजना ५० लाखांपर्यंत देते, २०२१ मध्ये स्टार्टअप इंडियाचा सीड फंड सुरू झाला, पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नव्या विज्ञान कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर आहे. विज्ञान चालतं की नाही, हे आधी असल्या पैशावर ठरवावं. हिस्सा विकून मिळालेला पैसा त्यासाठी फार महाग पडतो.

गुंतवणूकदार शहाणा असेल तर तोही हेच करतो. १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातले हर्बर्ट बोयर आणि त्यांचे भागीदार रॉबर्ट स्वॉन्सन यांनी जेनेनटेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी काढली, तेव्हा क्लायनर पर्किन्स या व्हेंचर फंडानं सुरुवातीला फक्त १ लाख डॉलर दिले. स्वतःची प्रयोगशाळाही लगेच बांधली नाही, विद्यापीठ आणि संशोधन संस्थांकडूनच प्रयोग करून घेतले. जीवाणूकडून माणसाचं संप्रेरक तयार करून घेता येतं का, एवढ्या एका प्रश्नावर तो पैसा लावला. १९७७ मध्ये उत्तर आलं, पुढच्या वर्षी इन्सुलिन. प्रत्येक टप्प्यावर एक शंका मिटली की कंपनीची किंमत वाढली, आणि पुढचा पैसा कमी हिस्सा देऊन मिळाला.

एक दुःख सांगायचं राहिलं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. काम उत्तम, गुंतवणूकदारही तयार. मी विचारलं, पेटंटचा अर्ज कधी केला? तो म्हणाला, पुढच्या महिन्यात करणार आहोत. निबंध मात्र दीड वर्षापूर्वी छापून आला होता, सगळ्या कृतीसकट. आपल्याकडे मोजके अपवाद सोडले तर आधी जाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही. गाईडनं सांगितलं नाही, संस्थेतही कुणी विचारलं नाही. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दोन गोष्टी विचारते: अर्ज झाला का, आणि विद्यापीठानं कंपनीला परवाना लेखी दिला का? शोध पगारी वेळेत, विद्यापीठाच्या यंत्रांवर लागला असेल तर त्यावर बहुधा विद्यापीठाचा हक्क असतो. तो कागद नसेल तर गुंतवणूकदार विकत काय घेणार?

सरांचे दोन कोटीही एकदम आलेले नाहीत. आत्ता ४० लाख आलेत. बाकीचे, खांब खऱ्या डाय हाउसच्या पाण्यावर सलग ९० दिवस चालला तर. ही अट आम्हीच सुचवली.

अण्णांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, “मी टाकू का दहा लाख?”

मी म्हटलं, “अण्णा, पैसे राहू द्या. ९० दिवस तुमचं पाणी द्या.”

त्यांनी तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. धुण्याच्या टाकीशेजारी किती जागा मोकळी आहे, ते टेपनं मोजून सांग म्हणाले.