एकपदरी पुलांचा देश

आइसलंडच्या केफ्लाविक विमानतळावर भाड्याची मोटार ताब्यात देताना काउंटरवरच्या तरुणाने आम्हाला इंजिनाविषयी एक अक्षरही सांगितले नाही. तो बोलला ते दारांविषयी. दार उघडण्याआधी वारा कुठून येतो ते पाहावे, दार दोन्ही हातांनी धरूनच उघडावे, कारण वाऱ्याने ते उलटे फिरून बिजागरी निखळली तर ते नुकसान विम्यात बसत नाही, असे त्याने दोनदा बजावले. मग वाळू आणि ज्वालामुखीची राख यांपासून संरक्षण देणाऱ्या वेगळ्या विम्याचा कागद त्याने पुढे सरकवला. मी रक्कम पाहून कां-कूं करू लागलो, तेव्हा माझे दाजी, जे तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहेत, शांतपणे म्हणाले, "अरे, ज्या राखेने या देशाचे नशीब उघडले, तिच्या नावाने चार पैसे गेले तर काय बिघडले?"

दाजींचे म्हणणे अतिशयोक्त वाटले तरी खरे होते. ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलंडच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या आणि क्रोना या तिथल्या चलनाची किंमत निम्म्यावर आली. एरवी अत्यंत महागडा असलेला हा देश त्यामुळे परक्या चलनात अचानक परवडू लागला. परंतु तो तसा झाला आहे हे जगाला कळायचे होते. ते काम एप्रिल 2010 मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीने केले. त्याच्या राखेमुळे युरोपातील सुमारे एक लाख विमानफेऱ्या रद्द झाल्या आणि आठवडाभर साऱ्या जगाच्या दूरचित्रवाणीवर हिरवी कुरणे, त्यांच्यामागे पांढरी हिमनदी आणि तिच्यावर काळा धूर एवढेच दिसत राहिले. त्या वर्षीचे पर्यटक बुडणार या धास्तीने सरकार आणि व्यावसायिकांनी मिळून घाईघाईने जाहिरात मोहीम उभारली खरी, पण माझ्या मते निम्मी जाहिरात ज्वालामुखीने फुकटात आधीच केली होती.

पुढचे आकडे पाहिले की डोळे विस्फारतात. 2010 मध्ये आइसलंडला आलेले परदेशी पाहुणे पाच लाखांहून कमी होते. 2015 मध्ये ते साडेबारा लाखांच्या पुढे गेले आणि 2018 मध्ये 23 लाखांवर पोहोचले. देशाची लोकसंख्या मात्र आजही चार लाखांच्या आतच आहे, आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. परकीय चलन मिळवण्यात पर्यटनाने 2013 मध्ये मासेमारीलाही मागे टाकले, आणि ज्या देशाच्या नाण्यांवरही मासे आहेत तिथे ही लहान गोष्ट नव्हे. मार्च 2019 मध्ये वाव एअर ही स्वस्त विमान कंपनी बुडाली तेव्हा त्या वर्षीची संख्या वीस लाखांवर घसरली. त्यानंतर महासाथ आली, आणि 2023 पर्यंत गाडी पुन्हा 22 लाखांच्या आसपास आली. म्हणजे चढ संपून पठार लागले आहे. मला कुतूहल होते ते या पठारावर काय चालले आहे याचे, कारण आम्ही निघालो होतो फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि जुन्या हिशेबाने तो काळ इथे चिटपाखरूही न फिरकण्याचा.

पहिल्या रात्री राजधानी रेक्याविकच्या मुक्कामात गरम पाण्याच्या नळाला गंधकाचा वास आला, आणि वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण झाली. सकाळी न्याहारीला मिळालेला स्किर हा पदार्थ म्हणजे आपला चक्काच. साखर आणि वेलदोडा घातला असता तर श्रीखंड म्हणून पानात वाढता आला असता. दुसऱ्या दिवशी गेसिरच्या उसळत्या गरम झऱ्यांपाशी गेलो. आपल्या न्हाणीघरातल्या गिझरचे नाव मुळात या जागेवरून आले आहे, हे दाजींनी मला तिसऱ्यांदा सांगितले. मूळचा गेसिर आता क्वचितच उसळतो. शेजारचा स्ट्रोक्कुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी पाण्याचा स्तंभ उडवतो. तो उसळण्याआधी पाण्यावर एक निळसर फुगा धरतो, क्षणभर थांबतो आणि मग फुटतो. त्या थांबण्याच्या क्षणी दोरीपलीकडची दोन-अडीचशे माणसे एकदम गप्प होतात. भर हिवाळ्यात, बोचऱ्या वाऱ्यात, एवढी माणसे!

ही हिवाळ्यातली गर्दी आपोआप जमलेली नाही. पूर्वी वर्षभराच्या पाहुण्यांपैकी फार मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्येच येई. दोन महिने खोल्या अपुऱ्या आणि दहा महिने हॉटेलांना टाळे, असा हा व्यवसाय होता. 2011 पासून 'वर्षभर आइसलंड' अशी मोहीम हाती घेतली गेली आणि ज्या अंधाराची लोकांना धास्ती वाटे, तोच अंधार रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या नावाने विकायला काढला गेला. आज आपल्याकडच्या सहल कंपन्याही हिवाळ्यात तेवढ्याचसाठी लोकांना इथे आणतात. आमच्या मुक्कामाच्या जेवणघरात एका रात्री शेजारच्या टेबलावर थेपले आणि लसणाची चटणी निघाली, आणि अर्थातच आम्हाला आग्रह झाला. पंचाईत एवढीच की आलेले लोक महिन्यांवर पसरले, पण नकाशावर पसरले नाहीत. हिवाळ्यातले बहुतेक प्रवासी रेक्याविक आणि दक्षिण किनारा यांच्यापलीकडे जातच नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनहून उत्तरेतील आकुरेरीला थेट विमानसेवा सुरू झाली, ती हा लंबक थोडा दुसरीकडे झुकेल या आशेने.

आम्हीही त्याच दक्षिण किनाऱ्याने निघालो, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आम्हाला नाही. सेल्यालँड्सफॉस धबधब्यामागची वाट बर्फामुळे बंद होती, पण वाहनतळाचे पैसे घेणारे यंत्र चालू होते. स्कोगाफॉसच्या पाचशेहून अधिक पायऱ्या दाजींनी माझ्याआधी चढून दाखवल्या. वीक या गावी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. हॉटेलच्या स्वागतकक्षातली मुलगी पोलंडची निघाली, आणि स्वयंपाकी पोर्तुगालचा. गावाच्या पालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आता परदेशी नागरिक आहेत. पर्यटन वाढते तेव्हा पाहुण्यांबरोबर यजमानही बाहेरून आणावे लागतात, ही गोष्ट आकड्यांच्या तक्त्यात सहसा दिसत नाही. वीकमध्ये ती आम्हाला रात्रीच्या सुपाच्या वाटीपाशी दिसली.

सकाळी रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर गेलो. तिथल्या कड्याला षटकोनी दगडी खांबांची रांगच्या रांग आहे, एकाला एक चिकटून उभे केलेल्या पेन्सिलींसारखी. दाजींनी त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला अंधेरीचा गिल्बर्ट हिल!" दगड तोच, बसाल्ट, लाव्हा सावकाश थंड होताना आकसून पडलेल्या भेगाही त्याच. फरक वयाचा: आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा त्यापुढे तान्हे बाळ. किनाऱ्याच्या तोंडाशी 2022 मध्ये बसवलेला इशाऱ्याचा दिवा त्या दिवशी पिवळा होता. इथे शांत समुद्रातून अचानक एखादी लाट बरीच आत चढते आणि माणसाला ओढून नेते. असे मृत्यू येथे झालेले आहेत. तरीही एक जोडपे पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढत होते, आणि शिट्टी वाजवणारा कोणीही नव्हता. संकट आलेच तर धावून येणारी या देशातली बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत, म्हणजे कोणी सुतार, कोणी शिक्षक. आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून उभा राहतो. वीस-बावीस लाख पाहुण्यांची जबाबदारी अशा व्यवस्थेवर टाकावी का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

वीकच्या पूर्वेला, मुख्य रस्त्यापासून थोडी आत, एक नागमोडी घळ आहे. जस्टिन बीबरने 2015 मध्ये तिथे गाण्याचे चित्रीकरण केल्यानंतर लोकांची रीघ लागली, शेवाळ तुडवले गेले, आणि 2019 मध्ये ती जागा काही काळ बंदच ठेवावी लागली. आता आखलेल्या वाटा आणि कठडे आहेत. शेवाळाचा तो मऊ, हिरवट-राखाडी थर परत यायला दशके लागतात. त्यावर उमटलेली बुटाची एक जुनी खूण कठड्यापलीकडे मला स्पष्ट दिसली.

शेवटचा टप्पा योकुल्सारलोनचा, हिमनग तरंगणाऱ्या सरोवराचा. शंभर वर्षांपूर्वी इथे सरोवरच नव्हते. हिमनदी मागे हटत गेली तसे ते वाढत गेले. म्हणजे जे पाहायला जग येते ती हिमनदीच्या ऱ्हासाचीच मोजपट्टी आहे. जवळच्या बर्फाच्या गुहा ही खरे तर हिवाळ्यातली गोष्ट, पण मागणी वर्षभराची झाली तशा उन्हाळ्यातही तिथे सहली जाऊ लागल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये बर्फ कोसळून एक पर्यटक मृत्युमुखी पडला. ऋतू ताणण्याच्या धोरणाला कुठे थांबायचे हे त्या दिवशी कळले, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. त्याहून अधिक तो बोलला नाही.

सरोवराच्या तोंडाशी 1967 मध्ये बांधलेला झुलता पूल आहे, एकपदरी. देशाला वळसा घालणारा हमरस्ता 1974 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा या बाजूला दिवसाकाठी मोजकीच वाहने येत असावीत. अशा पुलांवरचा रिवाज साधा आहे: जो पुलाच्या अधिक जवळ असेल त्याने आधी जावे. आम्ही या टोकाला थांबलो आणि समोरून येणाऱ्या गाड्या दाजी मोजू लागले. अकरा झाल्या, त्यांतल्या दहा भाड्याच्या, काचेवर कंपनीचे लेबल असलेल्या. अकरावी गाडी स्थानिक माणसाची होती. त्याने जाताना हात वर केला, आणि आम्ही पुलावर चढणार तोच समोरून मोठी बस आली.