पूजेच्या मांडवातली कॅज्युअल्टी

गिरणगावातल्या आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी २६ जानेवारीला असायची. सकाळी झेंडावंदन, दुपारी हळदीकुंकू, संध्याकाळी लिंबू-चमचा आणि संगीतखुर्ची. बक्षीस समारंभाआधीचा अर्धा तास मात्र डॉक्टरताईचा. पत्रिकेत ‘आरोग्यविषयक मार्गदर्शन’ छापलेलं असे, पण तो सरळसरळ वर्ग असायचा.

ताई दुसऱ्या मजल्यावरची. बालरोगात एमडी केलं आणि मग सगळी हयात सरकारी रुग्णालयात, लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात काढली. लग्न होऊन बोरिवलीला गेली तरी पूजा चुकवली नाही. रात्रपाळी असली तर ती उरकून तशीच यायची.

“पोराला हात नंतर लावायचा, आधी लांबून बघायचं,” ही तिची सुरुवात. मूल आपल्याकडे बघतंय का, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जातायत का, अंगाचा रंग कसा आहे. मग वजनाचा खेळ. मुलांच्या औषधाचा हिशेब किलोवर चालतो आणि जीव धोक्यात असताना वजनकाटा शोधायला वेळ नसतो. म्हणून वयात ४ मिळवा आणि दुप्पट करा. चार वर्षांचा बंड्या १६ किलो! लगेच त्याला वाण्याच्या काट्यावर बसवायचं. आमची पोरं बहुतेक हलकीच भरायची. “म्हणून काटा मिळाला की काट्यावरच विश्वास ठेवायचा,” असं ती आपल्या रेसिडेंटांना, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे सुनवायची. दोघं-तिघं ती सोबत आणायचीच.

एका वर्षी तिने लहानग्यांच्या बक्षिसातली शेंगदाण्याची चिक्की बंद करायला लावली. पाच वर्षांखालच्यांना अख्खा दाणा नाही, तो श्वासनलिकेत जातो. खजिनदार काका चिडले, चिक्की आधीच आणून ठेवली होती ना! ताईने एका पोरीची बाहुली मागून घेतली, हातावर पालथी टाकली, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणी करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. घशात बोटं घालून चाचपायचं नाही, हे दोनदा बजावलं. काकांनी मुकाट्याने लिमलेटच्या गोळ्या मागवल्या. त्याही तिने परत पाठवल्या, शेवटी राजगिऱ्याच्या मऊ लाडवांवर तडजोड झाली.

मे महिन्यात निम्मी चाळ कोकणात जायची, म्हणून विंचवाचा धडाही ठरलेला. लाल विंचू चावला, पोराला दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा चाळीतल्या म्हाताऱ्यांना ते नाव नवं नव्हतं.

रेसिडेंटांची खरी परीक्षा पंगतीत. शिऱ्याची मूद पानात पडली की ताईचा प्रश्न यायचा, “बारा किलोचं मूल, झटके थांबत नाहीत. बोल.” एकदा एक पोरगा घाईघाईने थेट औषधच सांगून मोकळा झाला, “लोराझेपाम, १.२ मिलीग्रॅम.” वाढता वाढता सुलूकाकू थांबल्या. “अरे, आधी श्वास बघ. मग साखर तपास. दरवर्षी सांगते ती.”