आमची वाटचाल : ‘पुढं काय, ताई?’

नववीचा निकाल लागला की आमच्या कथकच्या वर्गाच्या दारातल्या चपला कमी होतात. वर्ग सुरू केल्यापासून हे मी दर वर्षी बघत आले आहे. बाबा गाडीवरून येतात, पोरगी मागे मान खाली घालून उभी असते आणि बाबा म्हणतात, “दहावी येऊन राह्यली ताई. नाच चांगला आहे तिचा, पण पुढं काय? नाचून काय करन थे?” नागपूरच्या महाल भागातल्या एका किराणा दुकानदारांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मला फार राग आला होता. पुढे राग गेला, पण उत्तर काही सापडलं नाही. ते माझ्याच विद्यार्थ्यांनी मला आणून दिलं, आणि त्याने आमच्या या छोट्या व्यवसायाचं रूपच बदललं.

२००६ साली प्रतापनगरात वडिलांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही कथकचा वर्ग सुरू केला. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. मी शिकवायचं, तिने फी, पावत्या आणि परीक्षांचे अर्ज बघायचे. गुमास्ता परवाना काढला, वीस बाय पंधराची खोली, खाली कोटा फरशी, एक कूलर, लेहऱ्याची, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या सुरावटीची, सीडी. तबल्याला दादा फक्त रविवारी यायचे, कारण तेवढंच परवडत होतं. पहिल्या महिन्यात सात मुली होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सहालाही गच्चीखालची ती खोली भट्टीसारखी तापायची, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाची बॅच. ती पद्धत आजही आहे.

तेव्हा डोक्यात एकच होतं, नर्तकी घडवायच्या. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि त्यातून पिढ्या उभ्या राहिल्या, हे चित्र डोळ्यासमोर होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा, मग जमलं तर छत्तीसगडमधल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठात एम. ए. खैरागड आपल्याला मुंबई-पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, डोंगरगडला उतरून गाठता येतं. इतक्या वर्षांत त्या वाटेने पूर्ण गेल्या त्या दोघीच. एक खैरागडहून शिकून आता रायपूरला शिकवते, दुसरी पुण्यात आहे. बाकीच्या शेकडोंना मी मनातल्या मनात ‘सुटलेल्या’ म्हणायचे. बहिणीच्या वहीतही त्यांच्या नावापुढे ‘सोडले’ असाच शेरा असायचा.

तो शेरा चुकीचा होता, हे मला एका पायाच्या दुखण्याने शिकवलं.

२०११ च्या सुमाराची गोष्ट. खामल्याहून येणारी एक मुलगी, वय चौदा, तत्कार, म्हणजे पायांनी वाजवलेले बोल, इतका स्वच्छ की आख्खा वर्ग थांबून ऐकायचा. मध्यमा पूर्ण या परीक्षेची तयारी चालू होती. तिची नडगी दुखायला लागली. मी म्हटलं, दुखणारच, रियाज आहे. मला माझ्या गुरूंनी तेच सांगितलं होतं. तिने आणखी दोन महिने सोसलं. मग एक दिवस जिना उतरताना ती कठड्याला धरून रडायलाच लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पाय आपटायचा नाही. तिची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ते सहा आठवडे ती रोज फिजिओथेरपिस्टकडे जात होती आणि वर्गातही येत होती. भिंतीशी बसून पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायची, हाताने ताल धरायची. बरी झाली, परीक्षा दिली, बारावीनंतर फिजिओथेरपीच्या साडेचार वर्षांच्या पदवीला गेली. आमच्या वहीत शेरा पडला, ‘सोडले’.

त्या दुखण्याला पाच-सहा वर्षं झाल्यावर ती परत आली ती वहीपेन घेऊन. कोपऱ्यात बसून तिने एक अख्खी बॅच बघितली आणि मग माझ्यापुढे गणित मांडलं. “ताई, मिनिटाला ऐंशी मात्रांची लय धरा. तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन बारा सेकंदांचं. चौगुनीत, मात्रेला चार धरून, एका आवर्तनात चौसष्ट आघात. दहा मिनिटांत पन्नास आवर्तनं, म्हणजे ३,२०० आघात. तेही सपाट तळव्याने, दगडावर.” मी आयुष्यभर मात्रा मोजत आले, पण हा हिशेब कधी केला नव्हता. कोटा फरशीखाली सिमेंट, त्याखाली स्लॅब. आघात जिरायला जागाच नाही, तो तसाच नडगीतून वर जातो.

तिच्या सांगण्यावरून आम्ही लाकडी जमीन घातली. खाली सागाच्या पट्ट्या, त्यावर जाड प्लायवूड, मध्ये पोकळी. सोसायटीचं कर्ज काढावं लागलं आणि बहिणीने दोन दिवाळ्या स्वतःचा पगार अर्धा घेतला. पोटऱ्या बळकट करण्याचे व्यायाम तिने ठरवून दिले. आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या पायात शंभर घुंगरं बांधणं मी बंद केलं, आता पंचवीसपासून सुरुवात होते. आज तिच्याकडे गुडघ्याचे, पाठीचे रुग्ण येतात. ती सांगते की रुग्ण दारातून आत येताना तो कुठल्या पायावर वजन टाकायचं टाळतोय हे तिला बसल्या जागी दिसतं. नऊ वर्षं रोज आरशात स्वतःचे आणि शेजारणीचे पाय बघितलेल्या मुलीला ते दिसणारच. कॉलेजात शरीरशास्त्र शिकली, पण शरीर बघायला ती आधीच शिकली होती.

त्या दिवसानंतर मी बहिणीला ‘सोडले’ लिहू दिलं नाही. त्या रकान्यात आता ‘सध्या काय करते’ असं लिहितो, आणि खरोखर फोन करून विचारतो.

विचारायला लागलो तेव्हा काय काय कळलं! एक मुलगी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करते. ती म्हणाली, युक्तिवादात श्वास कुठे घ्यायचा हे पढंतीने शिकवलं. एक दागिन्यांची डिझाइन करते. दोन मुली शाळेत प्राथमिकला शिकवतात आणि पाढे टाळ्यांवर घेतात.

एकीबद्दल मात्र जरा थांबून सांगते. ही नंदनवनची, दोन बस बदलून यायची आणि धाकट्या भावाला बरोबर आणायची, कारण घरी सांभाळायला कोणी नसायचं. भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. लाकडी जमीन झाल्यावर तो भिंतीशी तळहात जमिनीला टेकवून बसायचा आणि मुली समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आल्या की बरोबर त्या क्षणी मान हलवायचा. हे आधी तबल्याच्या दादांनी पाहिलं, मी नव्हे. ही मुलगी अभिनयात पहिल्यापासून वेगळी होती. गतभावात, म्हणजे अभिनयातून कथा सांगताना, यशोदा, कृष्ण, गवळण अशी माणसं बदलताना तिच्या भुवया, नजर, खांद्याचा कोन सगळं बदलायचं. मी कौतुक करायचे. ती म्हणायची, “घरी भावाशी असंच बोलते ना मी, ताई.”

पदवीनंतर तिने मुंबईला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतून भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची दोन वर्षांची पदविका केली. मला वाटलं होतं, आमच्या हस्तमुद्रा तिला तिथे उपयोगी पडल्या असतील. ती म्हणाली, मुद्रा नाहीत पडल्या. अभिनयदर्पण या ग्रंथातले २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, वेगळे, सांकेतिक भाषेतले हात वेगळे. ती स्वतंत्र भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि प्रश्न आहे की विधान हे चेहऱ्याने ठरतं. भुवई उचलली नाही तर ‘तू जेवलास?’ याचं ‘तू जेवलास’ होऊन जातं. तिथे शिकायला आलेल्या बऱ्याच जणांना चेहरा हलवायचा संकोच वाटतो. आपल्याकडे मुलीने चेहरा आवरून ठेवावा असंच शिकवतात. हिचा संकोच आमच्या वर्गात दहा वर्षांपूर्वीच गेलेला होता. आता ती दवाखान्यांत आणि सरकारी कार्यक्रमांत दुभाषी म्हणून उभी राहते.

आमच्या व्यवसायाला सगळ्यात मोठं वळण मिळालं ते एका आजोबांमुळे. नातीला सोडायला यायचे. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होता. दारातल्या उंबऱ्याशी त्यांचे पाय थिजायचे, पुढचं पाऊल उचलायचंच नाही. एकदा आत मुली ठाय, म्हणजे संथ, लयीत तत्कार करत होत्या आणि ‘ता थेई थेई तत्’ ऐकता ऐकता आजोबा उंबरा ओलांडून चालत आत आले. नातीला वाटलं चमत्कार झाला. तो चमत्कार नव्हता. ठेक्यावर पाऊल टाकलं की पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांना चालणं सुरू करायला मदत होते, हे वैद्यकात माहीत असलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले, पुण्यात हृषीकेश पवार यांनी हे काम केलं. मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला सांगितलं आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने. मानसशास्त्र शिकून तिने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि कोलकाता संवेद या संस्थांचा डान्स मूव्हमेंट थेरपीचा पदविका अभ्यासक्रम केला होता.

धंद्याच्या अंगाने बघायचं तर आमचा हॉल दुपारी चारपर्यंत रिकामा पडलेला असायचा. वीजबिल, कर्जाचा हप्ता चोवीस तासांचा, कमाई मात्र चार तासांची. २०१८ पासून आठवड्यातून दोनदा सकाळी साडेनऊची ज्येष्ठांची बॅच सुरू केली. शिकवते ती विद्यार्थिनी, जमीन आणि सुरक्षितता बघते फिजिओवाली, मी लेहरा धरते. खुर्चीवर बसून हात, मान, नजर, मग भिंतीला लावलेला दांडा धरून पावलं. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांना स्पष्ट सांगतो, हा औषधाला पर्याय नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नका. सुरुवातीला चार जण होते, आता चौदा आहेत. आमच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या बॅचमधून येतो आणि नववी-दहावीच्या गळतीचा खड्डा त्याने भरून निघतो.

यातला एक धोकाही सांगते. ‘नृत्याने गणित सुधारतं’, ‘मेंदूचा विकास होतो’ अशी पाटी लावा म्हणून आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवलं. एका खाजगी शाळेने तर त्या अटीवरच उपक्रम देऊ केला होता. मी नाही म्हटलं, आणि त्या वर्षी ते उत्पन्न बुडालं. मला जे दिसलंय तेवढंच मी सांगते. सोळा मात्रांत कुठेही असलो तरी सम किती दूर आहे हे मुलाला कळायला लागतं. चूक झाली तरी न थांबता पुढच्या समेला धरायचं, हे अंगात मुरतं. त्यातून पुढे कोण काय होईल ते आम्ही ठरवत नाही. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात तेही पालकांना सांगतो, पण फक्त त्या गुणांसाठी कोणी आलं तर ते मूल टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

वार्षिक कार्यक्रमाची पद्धत आम्ही याच विचाराने बदलली. पूर्वी मीच सगळं करायचे. आता सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात कार्यक्रम असला की प्रकाशाची क्यू शीट, विंगेतला क्रम, पोशाखांची मोजमापं, जमाखर्च असं सगळं मोठ्या विद्यार्थ्यांकडे असतं. पहिल्या वर्षी गोंधळ झाला, एका तराण्यात अख्खा रंगमंच अर्धा मिनिट अंधारात राहिला. मुली अंधारातही नाचत राहिल्या आणि दिवा आला तेव्हा सगळ्या समेवर होत्या. दिव्यांच्या बोर्डावर बसलेला सक्करदऱ्याचा मुलगा त्या रात्री फार रडला. आज तो पुण्यात नाटकांची प्रकाशयोजना करतो.

२०२० चं वर्ष फार वाईट गेलं. ऑनलाइन वर्गात आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे माझा ठेका आणि मुलींचे पाय कधी जुळलेच नाहीत. निम्म्याहून अधिक विद्यार्थी गेले. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आपसात ठरवून सहा महिन्यांचा कर्जाचा हप्ता भरला. त्यात एकही व्यावसायिक नर्तकी नव्हती. मी नको म्हणत होते, बहिणीने फोन हातातून काढून घेतला आणि हो म्हणून टाकलं.

मागच्या एप्रिलमध्ये महालातले तेच दुकानदार आले. या वेळी नातीला घेऊन. त्यांच्या मुलीने नववीनंतर वर्ग सोडला होता आणि ती आता बँकेत आहे. मी विचारलं, “काका, पुढं काय ते नाही विचारणार?” ते म्हणाले, “पोरीनंच पाठवलं बाप्पा. म्हणे, तिथं नेऊन घाला, मला बंद करायला लावलं तसं हिचं करू नका.”

या मे महिन्यात वर्ग दहा दिवस बंद राहील. लाकडी जमीन दहा वर्षांची झाली, दाराजवळच्या पट्ट्या वाळवीने खाल्ल्यात. काल संध्याकाळी फिजिओवाली टेप घेऊन आली होती. दवाखाना उरकून आलेली, तरी चप्पल दारात काढून तिने आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि मग खडूने खुणा करत बसली. या वेळी पट्ट्या जवळ जवळ हव्यात म्हणाली, आजी-आजोबांच्या दांड्याखाली तर नऊ इंचांवर एक. सुताराने लाकूड जास्त लागेल असं सांगितलं. बहिणीने वही उघडली आणि आकडा लिहून घेतला.