दहाव्याच्या दिवशी, रामकुंडावर

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी चौदा वर्षांपासून वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे त्याची संमती मी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

घर निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराचे. थोरला मुलगा पाच वर्षे आमच्याकडे बायपोलर आजाराचे उपचार घेत होता. काही आठवडे झोपेवाचून चाललेले उधाण, आणि ते ओसरले की अंथरुणातून उठायचेही त्राण नाही, असा तो आजार. मनाचे हे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध सुरू असल्यामुळे ठरावीक काळाने रक्त तपासावे लागे. गोळ्यांची जबाबदारी धाकट्या भावाने घेतली होती. त्याने दोनशेपानी वहीत रोजची नोंद ठेवली होती: किती तास झोपला, गोळी घेतली की नाही, जेवताना बोलला का. इतक्या मायेने केलेली शुश्रूषा मी फार थोड्या घरांत पाहिली आहे. ऐन द्राक्षतोडीच्या दिवसांत थोरला आत्महत्येने गेला. त्या महिन्यात तो तपासणीला आला नव्हता, म्हणून मंगळवारी फोन करायचा असे मी डायरीत लिहून ठेवले होते. तो फोन माझ्याकडून राहिला. गुरुवारी त्याच्या वडिलांचाच फोन आला.

"ताई, दहाव्याला रामकुंडावर या. तुमच्याशिवाय त्याचं कोणाला कळत नव्हतं," असे ते म्हणाले.

थोरल्याचा मुलगा तीन वर्षांचा, म्हणून विधी धाकट्याच्या हातून चालला होता. मुंडण केलेले डोके, उघडे अंग, बोटात दर्भाचे पवित्रक. पिंड मांडून झाले, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहणे सुरू झाले. समोर झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग नेहमीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. "पोराची काळजी करू नको", "सूनबाईला अंतर देणार नाही", "कर्ज आम्ही फेडू". अर्धा तास झाला तशी कुजबुज वाढली. अपमृत्यू आहे, त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करावा लागेल, असे कोणी म्हणाले. त्या गोळ्यांनीच त्याचे डोके फिरवले, असे आणखी कोणी. शेवटी एका चुलत काकांनी धाकट्याकडे पाहून सर्वांसमक्ष विचारले, "त्या रात्री तूच होतास ना घरी? काही बोलला होतास का त्याला?"

धाकटा काहीच बोलला नाही. तो बोटातले पवित्रक गोल गोल फिरवत राहिला, इतका की दर्भाची गाठ सुटून काड्या त्याच्या तळहातावर पडल्या.

गुरुजींनी त्याच क्षणी काकांना थांबवले. "इथं रोज इतके पिंड ठेवले जातात की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यात कोणाचा दोष नाही," असे ते मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, आणि दर्भाचा कावळा करून त्यांनी पिंडाला स्पर्श करविला. त्या माणसाचे माझ्यावर ऋण आहे.

विधी उरकताच धाकटा एकटाच दुतोंड्या मारुतीच्या दिशेने चालू लागला. मी मागोमाग गेले. एका मृताची कोणती इच्छा राहिली हे जाणण्यासाठी तीस-चाळीस माणसे घाटावर ताटकळली होती; त्यांच्यासमोर बसलेल्या सव्वीस वर्षांच्या जिवंत मुलाला, तुझ्या मनात काय चालले आहे, असे कोणीही विचारले नव्हते. तोपर्यंत मीही नव्हते.

पायरीवर त्याच्या शेजारी बसून मी आडपडदा न ठेवता विचारले, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला बोलायला वाट मिळते. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "रोज."

मग तो बोलत गेला. त्या रात्री तोडणीच्या मजुरांचा हिशेब करता करता वहीत नोंद करायची राहिली होती. ते एक रिकामे पान त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्यावर "तुझी काही चूक नाही" एवढेच म्हणून भागले नसते. मी त्याला माझ्या डायरीतल्या मंगळवारविषयी सांगितले. आज आपल्याला शेवट ठाऊक आहे म्हणून ते पान एवढे मोठे दिसते, त्या रात्री ते इतर राहिलेल्या कामांसारखेच एक काम होते, हे मी त्याला सांगितले आणि सांगताना स्वतःही ऐकले. "मलाही तोच आजार असेल का?" असे त्याने विचारले. सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा अधिक असतो, तरी बहुतेक भावंडांना हा आजार होत नाही, हे मी जसेच्या तसे सांगितले. आणि मग, अगदी हळू आवाजात: "हे सांगितलं म्हणून पोलीस येतील का?" भावाच्या मृत्यूनंतरचा पंचनामा आणि जबाब त्याने नुकतेच सोसले होते. मनात विचार येणे हा गुन्हा नाही. ज्याने प्रयत्न केला तोही तीव्र मानसिक ताणाखाली होता असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुने 309 कलम राहिलेले नाही, हे ऐकल्यावर त्याचे खांदे सैल झाले.

त्याच दुपारी आमच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. पुढचे काही आठवडे त्याला एकटे ठेवायचे नाही असे ठरले. बागेच्या फवारणीची औषधे घरातून हलवून चुलत्याच्या शेडमध्ये कुलपात ठेवायला मी वडिलांना सांगितले, कारण असह्य वाटणारी ती घटका अनेकदा थोड्याच वेळाची असते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, ही गोष्ट मी शेतकरी कुटुंबांना आवर्जून सांगते. रात्री-अपरात्रीसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत लिहिला. तिथे मराठीतही बोलता येते.

घाटावर प्रश्न विचारणारे चुलत काका दोन आठवड्यांनी स्वतः त्याला मोटारसायकलवर घेऊन आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "कोणाचं तरी चुकल्याशिवाय असं होईलच कसं, हेच डोक्यात बसलं होतं," एवढेच ते म्हणाले.

धाकट्याला सावरायला वेळ लागला. मधे एकदा औषध बदलावे लागले, एकदा तो महिनाभर आलाच नाही. त्या वेळी मात्र ज्या दिवशी डायरीत लिहिले त्याच दिवशी मी फोन केला. वही आता त्याने स्वतःसाठी सुरू केली आहे, असे वहिनींनी सांगितले.

पाच वर्षांत वडील ओपीडीच्या दारापलीकडे कधी आले नव्हते. बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसत. श्रावणातल्या एका बुधवारी मुलगा डॉक्टरांकडे गेला असताना ते उठून माझ्या टेबलाशी आले, उभेच राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही घाटावर त्याला जे विचारलं होतं ना, ते मला पण विचारा."

मी त्यांना खुर्ची दिली, दार लोटून घेतले आणि विचारले.